बर्कमस्टेडचं गायरान

गेल्या वर्षी मे महिन्यात अण्णा आमच्याकडे लंडनला आले होते. राजवाडा, म्यूझियम सगळं पाहून झालं, तेव्हा म्हणाले, "अरे, आता जरा मोकळं रान दाखव." म्हणून यूस्टनहून गाडी धरून त्यांना बर्कमस्टेडला नेलं. स्टेशनला लागूनच पडका किल्ला आहे. तिथून चढ चढून गेलं की विस्तीर्ण रान लागतं. बर्चची झाडं, नेचे, काटेरी झुडपं, आणि कुत्री फिरवणारी माणसं.

"हे रान कोणाचं?" अण्णांनी विचारलं.

"याला इथे कॉमन म्हणतात. आपल्या गायरानासारखंच. जमिनीला मालक असतो, पण गुरं चारायचा, सरपण न्यायचा हक्क पूर्वापार इतरांचा."

मग त्यांना इथली गोष्ट सांगितली. १८६६ साली लॉर्ड ब्राउनलो या बड्या जमीनदाराने या रानाचा मोठा तुकडा लोखंडी कुंपण घालून अडवला. ऑगस्टस स्मिथ नावाच्या गृहस्थांचा या कॉमनवर हक्क होता, आणि गाठीला पैसाही होता. ६ मार्चच्या रात्री लंडनहून खास गाडीने शंभरावर मजूर आले, आणि सकाळी गाव बघतं तो काय, कुंपण आडवं! पुढे खटला चालला आणि १८७० मध्ये निकाल स्मिथच्या बाजूने लागला.

अण्णा हसले, पण लगेच म्हणाले, "आणि स्मिथ नसता तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. १९२५ च्या कायद्यातही अशा कुंपणाविरुद्ध कोर्टात जायचं तर कौन्सिलने, नाहीतर त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या माणसानेच जायचं. २००६ च्या कॉमन्स कायद्याने हे बदललं. नोंद झालेल्या कॉमनवर परवानगीशिवाय कुंपण किंवा बांधकाम झालं, तर कोणीही काउंटी कोर्टात अर्ज करू शकतो. इंग्लंडात २००७ पासून हे लागू आहे. कोर्टाला पटलं तर बांधकाम काढून जमीन पूर्ववत करण्याचा हुकूम होतो. कोणीही म्हणजे अगदी तुमच्या-आमच्यासारखा, बाहेरून येऊन इथे राहिलेला माणूससुद्धा.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. लहानपणी त्यांनी ज्या गायरानात गुरं राखली, तिथे आज कोणाची तरी भिंत आणि फाटक आहे. त्यासाठी त्यांनी अठरा अर्ज दिले. प्रत्येक वेळी पोच मिळाली, बाकी काही नाही. आपल्याकडे अतिक्रमण काढायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. नागरिकाने अर्ज करायचा आणि वाट बघायची, नाहीतर मुंबईला हायकोर्टाची पायरी चढायची. जानेवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. भूमिहीन मजुरांसारख्यांसाठी अपवादाची वाटही ठेवली. ते योग्यच झालं, कारण पोटासाठी गायरानावर राहणारं झोपडं वेगळं आणि धनदांडग्याची भिंत वेगळी. पण त्या भिंतीला हात लावायला गावातल्या साध्या माणसाच्या हाती काय आहे?

घरी आल्यावर अण्णांनी त्या इंग्रजी कायद्याचं कलम माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं. "याचा तिथे उपयोग नाही हो, अण्णा," मी म्हटलं.

"ठाऊक आहे रे," कागदाची घडी घालत ते म्हणाले. "पण एकोणिसाव्या अर्जाला जोडतो. असंही करता येतं, हे तरी साहेबाला कळू दे."