जिज्ञासा आणि चौकशी

‘ज्ञा’ धातूस इच्छार्थक ‘सन्’ प्रत्यय लागून ‘जिज्ञासा’ शब्द सिद्ध होतो, हें आम्हीं तीस वर्षें फळ्यावर लिहून दाखविलें. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रांत हा शब्द आहे, एवढा त्याचा मान! त्याच कुळांतली, पण वाया गेलेली, ती नसती चौकशी. मराठींत तिला एका कष्टाळू जातीचें नांव चिकटवून आपण मोकळे झालों. वस्तुतः हा उद्योग ओटीवर बसणाऱ्या आम्हां रिकामटेकड्यांचाच.

मुरबाड तालुक्यांत शिक्षक असतां एकदां आम्हीं मुलांची सहल वैशाखऱ्यावरून नाणेघाटांत नेली होती. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणें यांच्या संख्या त्यांत अंकांनीं कोरल्या आहेत. ही लिपि लोक पुढें साफ विसरले, एवढें आम्हीं सांगितलें. तोंच भिंतीस नाक लावून उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “मग गुरुजी, पहिल्यांदा वाचली कोणी? अन् बरोबर वाचली हें कळलं कसं?”

आम्हांस उत्तर येत नव्हतें. “आधीं डबा खा,” म्हणून आम्हीं त्यास गप्प केलें.

परततांना एस्. टी. मध्यें, मुलांसोबत आलेले त्याचे वडील शेजारीं बसले. त्यांस मात्र आम्हीं खुशाल विचारलें, “काय हो, थोरली दिवाळीपासून माहेरींच दिसते, सासरीं कांहीं बिनसलें काय?” ते खिडकीबाहेर पाहूं लागले. मुलगा पुढच्याच बाकावर होता. त्याची मान खालीं गेली. त्यानंतर वर्गांत त्यानें एकहि प्रश्न विचारला नाहीं.

उत्तर आम्हीं पुष्कळ उशीरां शोधलें. सांचीच्या कठड्यांवरील कित्येक छोट्या लेखांच्या शेवटीं तींच अक्षरें येतात, हें पाहून जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं तर्क केला कीं, हा शब्द ‘दानं’ असावा. तीं अक्षरें इतर लेखांस लावूं जातां तेथेंहि अर्थ लागत गेला; हीच बरोबर वाचल्याची खूण. नाणेघाटांतील अंकांचा अभ्यास पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं केला.

अलीकडे शहापूरास जातां आसनगांव स्टेशनावर तो मुलगा भेटला. आतां चांगला गृहस्थ झाला आहे. त्यानें वांकून नमस्कार केला. सारें उत्तर आमच्या जिभेवर तयार होतें. पण तोंडांतून निघालें तें, “काय रे, पगार किती मिळतो?”

तो हंसला, आंकडा सांगितला, आणि आलेल्या गाडींत चढला. प्रिन्सेपसाहेब तसेच राहिले.