आई नसलेली पिल्लं

आजीच्या काळात खुडूक कोंबडी टोपल्यात बसवायची. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत ती आईच्या मागं उकिरड्यावर. आजी कण्या टाकायची, पण पिल्लांचा सगळा जीव उकिरड्यात. एवढी घाण टोचून ती जगतात कशी, हे मला लहानपणी कोडंच होतं.

पुढं अण्णांनी कर्ज काढून पाच हजार पक्ष्यांची शेड बांधली. कंपनीची गाडी पिल्लांची खोकी उतरवून जायची. एकेक जीव चाळीस ग्रॅमचा. मशीनमध्ये निघालेली ही पिल्लं. त्यांनी आई बघितलेलीच नाही. पहिल्याच आठवड्यात हगवण लागायची, मागचा भाग चिकटायचा, पिल्लू डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहायचं. मर वाढली की किलोमागचा दर कापला जायचा, बँकेचा हप्ता मात्र तसाच. म्हणून आजार असो नसो, खाद्यापाण्यातून औषध चालूच.

मग वारं बदललं. युरोपनं २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं. आपल्याकडं २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. कंपनीच्या खाद्यात दुसऱ्याच पुडी दिसायला लागल्या.

"औषध काढलं आणि ताक पाजायला लागलेत," अण्णा करवादले.

डॉक्टर हसले. "अण्णा, ताकाच्याच जातीचे जंतू आहेत हे. आतड्यात चांगल्यांनी आधी जागा धरली की वाइटांना बसायला ओटा उरत नाही. ही दुसरी पूड यीस्टच्या सालीची. ई. कोलाय आतड्याऐवजी तिलाच चिकटतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. रोगाशी लढायची मोठी तालीम पिल्लाला आतड्यातच मिळते, तीही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत."

त्यांनीच सांगितलं, १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना दिले, तर साल्मोनेला त्यांच्यात सहजी घर करेना. माझं उकिरड्याचं कोडं तिथं सुटलं. गावरान पिल्लाला आई चोचीनं नुसतं दाणे दाखवत नव्हती, आपल्या पोटातले राखणदारही देत होती. कंपनीची पुडी म्हणजे त्या आईची उसनवारी.

पण पुडीनं सगळं भागत नाही. ओल्या तुसात रक्ती हगवणीचं बी वाढतं, तिथं ताकाचे जंतू काय करणार? म्हणून आमची आई रात्री दोनला उठायची. पिल्लं ब्रुडरखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून लांब पळाली तर उकाडा, हे ती दारातूनच ओळखायची. पाण्याची भांडी घासायची, ओलं तूस काढून कोरडं टाकायची, बाकीचं पंजानं हलवायची. नव्या खाद्याचा पहिला लॉट अण्णांनी जीव मुठीत धरून काढला. मेलेली पिल्लं रोज दोनदा मोजली. लॉट निभावला.

कंपनीच्या हिशेबाच्या कागदावर पिल्लू, खाद्य, औषध, सगळ्यांचे रकाने असतात. आईच्या जागरणाचा रकाना मी अजून कुठल्या कागदावर बघितलेला नाही.