आमचे सर्पपालन

कोणी पोपट पाळतो, कोणी मांजर, कोणी कबुतरे. परंतु साप पाळण्याची हौस असलेला मनुष्य समाजात विरळाच. आम्हां दोघां भावांना ही हौस १९६५ साली, बेळगावात शाळकरी वयात, एका पावसाळ्यापुरती करता आली. तिच्यातील सुखाच्या गोष्टी आम्ही पुष्कळांना सांगितल्या; दुःख मात्र आजवर आमच्यापाशीच राहिले. शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा दोघांनाही तीच गोष्ट आठवली. म्हणून हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे.

त्या वर्षी शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमच्यातील थोरला नववीत होता व धाकटा सातवीत. घरामागे भाताची शेते होती. एके दिवशी शेजारच्या मळ्यात पेंढ्याची गंजी उपसताना सहा फूट लांबीची धामण निघाली आणि चौघांनी तिला काठ्यांनी ठेचून मारले. धामण बिनविषारी असते, शेतातले उंदीर खाते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण मोठ्या माणसांना ते सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. गडी निघून गेल्यावर आम्ही गंजीपाशी गेलो, तो तळाच्या उबदार, ओलसर पेंढ्यात बारा अंडी दिसली. पांढरी, लांबट, कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नव्हे, तर चामड्यासारखे लवचीक. सदऱ्याच्या ओट्यात घालून ती आम्ही घरी आणली.

आमच्या घरात साप आणणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. आजीचा पहिला मुलगा, म्हणजे आमचे थोरले काका, दहाव्या वर्षी मण्यार चावून गेले होते. रात्री अंथरुणात चावा झाला, त्यांना मांत्रिकाकडे नेले, आणि उजाडण्यापूर्वी सारे संपले. तेव्हापासून दिवेलागणीनंतर घरात ‘साप’ हा शब्द उच्चारीत नसत. फारच प्रसंग आला, तर ‘लांबडे’ म्हणत. वडिलांनी अंडी पाहिली व बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गोठ्यात ठेवा. घरात नको. आणि आईला कळता कामा नये.”

एका मडक्यात ओलसर वाळू व कुजका पेंढा भरून आम्ही अंडी ठेवली. खुडूक कोंबडी अंडी उलटीपालटी करते, हे आम्ही रोज पाहत होतो. आम्हीही नित्यनेमाने सकाळ-संध्याकाळ प्रत्येक अंडे हलक्या हाताने फिरवू लागलो. आठव्या दिवशी तीन अंडी पिवळी पडून चेपली. आम्ही घाबरून विज्ञानाच्या गुरुजींकडे धावलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, “अरे, कोंबडीच्या अंड्यात बलक तोलून धरणारे पिळदार धागे असतात, सापाच्या अंड्यात ती सोय नसते. त्यातला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडे फिरवले की तो आतच मरतो. वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करा आणि पुन्हा हलवू नका.” घरी परत येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यांच्या आईला इतरांनी अज्ञानाने व भयाने मारले होते. त्या तिघांना आम्ही अज्ञानाने आणि प्रेमाने मारले होते. मेलेल्यांच्या दृष्टीने यात फरक तो काय?

उरलेल्या नऊ अंड्यांवर खुणा झाल्या. आता खरी कसोटी ओलाव्याची होती. पाणी अधिक झाले की बुरशी धरे, कमी झाले की कवचाला खळगे पडत. अशातच आम्हां दोघांना गोवर आला. पंधरा दिवस अंथरुणावर पडून आम्ही बाहेरच्या पावसाचा आवाज ऐकत होतो आणि गोठ्यातली वाळू सुकत असेल, या चिंतेने तळमळत होतो. वडील कामानिमित्त परगावी होते. सांगावे तरी कोणाला?

नागपंचमीच्या दिवशी आम्ही प्रथमच उठलो आणि आधी गोठा गाठला. मडक्यावर ओले गोणपाट नीट झाकलेले होते, वाळू हवी तेवढी दमट होती आणि मडक्याच्या काठावर हळदकुंकवाची बोटे होती. मागे वळून पाहतो तो दारात आजी उभी! आम्ही खाली मान घातली. ती एवढेच म्हणाली, “ओल कमी झाली होती रे. दोन अंड्यांना बुरशी धरली, ती काढून टाकली.” थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, “चावली ती मण्यार होती. या पोरांनी काय केले?” या दोन वाक्यांपलीकडे त्या विषयावर ती कधीही बोलली नाही.

श्रावण संपता संपता सात पिल्ले निघाली. नाकाच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा दाताने पिलू कवचाला चीर पाडते, डोके बाहेर काढते आणि मग घाई न करता कित्येक तास तसेच जगाकडे पाहत राहते. आजी चष्मा पुसून पुसून ते पाहत होती. दीड वीत लांबीची, मोठ्या डोळ्यांची ती पिल्ले हातावर घेतली, तेव्हा झालेला आनंद पुढे कोणत्याही पारितोषिकाने आम्हांला दिला नाही.

आनंदामागोमाग अडचणी आल्या. साप दूध पीत नाही. त्याला भक्ष्य लागते. रोज शेतात जाऊन लहान बेडूक आणावे लागत आणि एका जिवाला जगवण्यासाठी दुसरा जीव आपल्या हाताने द्यावा लागे. त्यात प्रथम कात टाकेपर्यंत पिल्ले अन्नाला तोंड लावीनात. त्यांचे डोळे दुधाळ निळसर झाले, तेव्हा ती आंधळी झाली असे वाटून धाकटा रडला. कात उतरताच डोळे पुन्हा स्वच्छ झाले. तरी दोघांनी शेवटपर्यंत काही खाल्ले नाही आणि ती दगावली. एक पिलू खोक्याच्या जाळीतून निसटले, ते दोन दिवसांनी आईच्या सरपणात सापडले. त्या दोन दिवसांत तिने चुलीपाशी कसा स्वयंपाक केला असेल, ते तिचे तिलाच ठाऊक! धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे गवळी सांगत फिरला. धामण ही नागाची मादी, तेव्हा नाग तिला शोधीत येणार, असे शेजारी म्हणू लागले. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पण भय युक्तिवादाने जात नाही, हे आम्ही आमच्या घरातच पाहिले होते.

दसऱ्यानंतर आम्ही उरलेली पाच पिल्ले त्याच शेतांच्या बांधावर सोडली. आजी बरोबर आली होती. तिने विचारले, “ही आपल्याला ओळखतील का रे?” आम्ही म्हणालो, “नाही आजी, सापाला तशी ओळख राहत नाही.” ती म्हणाली, “मग बरे झाले. कोणा माणसाजवळ जाणार नाहीत.”

विद्यार्थिमित्रांनो, आमचे अनुकरण मात्र करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडचे रानातले साप पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे, आणि आमच्या हातून गेलेली पिल्ले आठवली की तो कायदा आम्हांला योग्यच वाटतो. साप दिसला तर दूर उभे राहा आणि वनखात्याला कळवा. मात्र नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची ओळख अवश्य करून घ्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. सर्पदंशावर मंत्र नाही; प्रतिविषाची लस हाच उपाय, आणि तो रुग्णालयातच मिळतो. आमच्या काकांना त्या रात्री कोणी तिकडे नेले असते, तर कदाचित ‘साप’ हा शब्द आमच्या घरात इतका जड झाला नसता.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पण त्या पावसाळ्यानंतर दिवे लागल्यावरही ती ‘धामण’ हा शब्द मोकळेपणाने उच्चारीत असे. आमच्या सर्पपालनाचे खरे फळ तेच, असे आम्ही समजतो.