चहा पाजून विकलेली फियाट

"आमच्या गल्लीत पाणी आलंच नाही हो," हे त्या गृहस्थांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. सांगलीत २०१९च्या महापुराचा विषय कुठेही निघतो, त्यामुळे तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकूंनी चहा आणला, शंकरपाळी आणली. गाडी १९९३ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, पहिल्यापासून एकच मालक, सौदा ४५ हजारांत ठरला.

फियाटच का, हे माझ्या वयाच्या माणसांना सांगावं लागणार नाही. वडिलांकडे होती, विकावी लागली, चुटपुट राहिली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर हाताला लागला, १०८९ सीसीचं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं आणि मी विसार देऊन मोकळा झालो. कार्ब्युरेटर, वायरिंग, ब्रेक यांचा खर्च धरलेलाच होता.

कोल्हापुरात मिस्त्रींनी गाडीला जॅक लावला. गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच आत घुसला, दाराखालचं चॅनेल पापडासारखं मोडलं. मिस्त्री खाली वाकून पेचकसाने खरवडायला लागले. वर काळं अंडरकोटिंग, त्याखाली लांबी आणि लांबीखाली भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. तो मी उलगडला. तारीख शाबूत होती: मी गाडी बघायला गेलो त्याच्या आदल्याच महिन्यातली! बोळ्यामागे मिस्त्रींनी बोट घातलं आणि वाळलेला गाळ बाहेर ओढला. कृष्णेचा तो मऊ, काळपट गाळ आमच्याकडे कुणीही ओळखेल. मग दाराचं आतलं कव्हर काढलं, तर काच खालीवर करायच्या हँडलच्याही वर पाण्याची रेघ.

"साहेब, ही पाण्यातनं आलीया," मिस्त्री म्हणाले. "भंगारात घाला."

पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. तळ आणि चॅनेलं सडली की गाडीचा कणाच गेला. म्हणजे त्यावर लांबी थापून देणं ही नुसती पैशांची फसवणूक नाही. मी त्या गाडीत मुलीला बसवून घाट उतरलो असतो.

फोन केला तर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, थोडंफार असणारच." थोडंफार! महिनाभर आधी माणूस बोलावून भोकं बुजवून घेतली, वर नव्या मॅट अंथरल्या आणि त्याच गाडीसमोर बसवून आम्हाला शंकरपाळी खायला घातली. त्यांचंही घर पाण्यात गेलं असेल, विमा मिळाला नसेल, हे सगळं मी मनाशी म्हणून पाहिलं. पाणी आलं होतं म्हणून सांगितलं असतं तरी मी कदाचित घेतली असती, किंमत पाडून. पैसे विसरता येतात, पण काकूंचा तो "अजून थोडी घ्या ना" असा आग्रह काही विसरता येत नाही.

आरसीवर कर्जाचा बोजा चढतो, मालक बदलल्याची नोंद होते, पण गाडी पुरात बुडाली होती हे कुठेही लिहिलं जात नाही. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी २०२२च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५ हजार केली. तेवढे घेता, तर ही एक ओळही नोंदवा. तोवर जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा आणि चॅनेलवरून फिरवा, लांबीवर तो धरत नाही. आणि विकणारा माणूस कितीही भला दिसला तरी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय विसार देऊ नका. खरं म्हणजे घेऊच नका असली गाडी.

माझी मात्र भंगारात गेली नाही. दोन्ही चॅनेलं नव्या पत्र्यातून वळवून घेतली, तळ कापून नवा बसवला. त्या एका कामाचं बिल गाडीच्या किमतीवर गेलं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली, आता सुटे भाग मिळणं आणखी अवघड होणार. मागच्या आठवड्यात मिस्त्रींनी मिरजेत एक बंद पडलेली पद्मिनी असल्याचं सांगितलं, तिची चारही दारं चांगली आहेत म्हणे. रविवारी बघायला जातोय.