पिवळी मेमरीची

“पिवळी मेमरीची, लाल चावीची, काळी बॉडीला.”

नाना पेठेतल्या एका अरुंद गल्लीत, गाडीच्या उघड्या दारातून कमरेपर्यंत आत वाकलेला इलेक्ट्रिशियन माझ्या भाच्याला तारा ओळखायला शिकवत होता. मी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी सांभाळत उभी होते. पहिले दोनच शब्द कानात शिरले आणि पुढचं काही ऐकू येईना.

“मेमरीची म्हणजे?” मी न राहवून विचारलं.

“ताई, ही थेट बॅटरीवरून येते. गाडी बंद असू दे, चावी घरी असू दे, हिच्यात करंट असतोच. टेप बंद होतो, पण घड्याळ चालू राहतं, लावलेली स्टेशनं लक्षात राहतात, ती हिच्या जिवावर. लाल आहे ती चावी फिरवली की जागी होते. गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते ना, त्यात हिचाही हात असतो.”

आपण गाडी लावतो, काचा चढवतो, दार लोटून निघून जातो. आत डॅशबोर्डच्या पोटात एक तार मात्र जागी असते. ती फार खात नाही, काही मिलिअँपिअर फक्त. पण अखंड खाते. लक्षात ठेवायला असं थोडंथोडं सतत द्यावं लागतं, हे मला त्या पायरीवर उभ्या उभ्या फार मोठं वाटलं.

गाडी माझ्या बहिणीची, जुनी वॅगनआर. भाच्याला तिच्यात टॅबलेट बसवायचा होता. बाजारात अँड्रॉइडचे तयार स्टिरिओ ढिगानं मिळतात, पण घरात २०१३ सालचा सात इंची नेक्सस पडून होता आणि त्याचा जीव त्यात अडकला होता. चालणारी वस्तू कपाटात पडून राहणं त्याला सहन होत नाही. हा गुण आमच्या घराण्यातला आहे आणि तो त्याच्यापर्यंत पोचला याचा मला आनंद आहे.

अडचण मापाची होती. गाडीतल्या रेडिओचा खण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो. दुहेरी असेल तर उंची १००. हे माप ‘डिन’ या जर्मन मानक संस्थेनं ठरवलेलं, म्हणून जगभरचे फिटर त्याला सिंगल डिन आणि डबल डिन म्हणतात. टॅबलेट भरला २०० बाय ११४. म्हणजे थोडक्यात हुकलेला. भाच्यानं फ्रेमच्या कडा कानशीनं घासून घासून जागा केली, रेडिओचा खण आणि त्याखालचा सुट्या पैशांचा कप्पा एकत्र केला. मला मात्र त्या १८० बाय ५० चं कौतुक वाटत राहिलं. याच संस्थेनं १९२२ मध्ये कागदाची मापं ठरवली, ज्यातला ए-फोर आज आपल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो. कुणीतरी एका टेबलाभोवती बसून एवढंच म्हणायचं की भोक एवढं असू द्या, आणि मग कुठल्याही देशातला रेडिओ कुठल्याही देशातल्या गाडीत बसतो. अशा न गाजणाऱ्या समझोत्यांवर माझी श्रद्धा आहे.

डॅशबोर्ड उघडला की गाडी वेगळीच दिसते. समोरून सगळं गुळगुळीत, आणि मागे तारांचे जुडगे, कपलर, कधीतरी कुणीतरी गुंडाळलेली आणि आता चिकट झालेली टेप. स्पीकरच्या तारांचेही रंग ठरलेले: पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्या. त्या जंजाळातून एक जाड, काळी, टोकाला पितळी खुंटी असलेली तार बाहेर काढून इलेक्ट्रिशियननं विचारलं, “दादा, एरियल कुठं लावू?”

भाचा म्हणाला, “लावायची जागाच नाहीये. टॅबलेटला रेडिओ नसतो.”

मला वाटतं माझा बांध तिथं फुटला. कारण माझं गाडीविषयीचं सगळं प्रेम त्या पितळी खुंटीपाशी सुरू होतं.

अण्णांची फियाट कराडला आमच्या अंगणात उभी असे. अण्णा म्हणजे माझे वडील, डॉक्टर. स्टेअरिंगच्या दांड्यावरच गिअर असल्यामुळे पुढे सलग बाक होतं, आणि मी त्या बाकावर आई-अण्णांच्या मध्ये बसत असे, म्हणजे रेडिओच्या बरोबर समोर. रेडिओला पाच बटणं होती, दातांसारखी ओळीनं. बटणावर स्टेशन लावण्याची रीत आजच्या मुलांना सांगितली तर ती डोळे विस्फारतात. आधी खुंटी फिरवून स्टेशन अचूक पकडायचं. मग बटण जोर लावून बाहेर ओढायचं आणि तेवढ्याच जोरानं पार आत दाबायचं. आत एक पट्टी त्या कोनात घट्ट आवळली जाई. त्यानंतर केव्हाही ते बटण दाबलं की खट्‌ आवाज होऊन काटा धावत जाई आणि नेमक्या त्या जागी थांबे. विजेचा काही संबंध नाही. बॅटरी काढून ठेवा, वर्षभर गाडी झाकून ठेवा, ती पट्टी हलत नसे.

पहिलं बटण सांगलीचं, १२५१ किलोहर्ट्‌झ. दुसरं पुण्याचं, ७९२. चौथं मुंबईचं आणि पाचवं विविधभारतीचं. तिसरं बटण आईचं होतं.

आई गुहागरची. दर सुट्टीत आम्ही पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आणि पुढे गुहागरला जात असू. तो सगळा रस्ता मला रेडिओच्या आवाजावरून पाठ होता. कराड सुटलं की सांगली खणखणीत. पाटणच्या पुढे डोंगर जवळ आले की आवाज पातळ होई. घाटाच्या तोंडाशी नुसती खरखर उरे, आणि अण्णा म्हणत, “सांगली गेली.” मग वळणांवर कोणी बोलत नसे. घाट उतरून पोफळीला आलं की जमिनीखालच्या वीजगृहातून निघालेल्या उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून जात, त्यांच्याखाली रेडिओ असा करवादे की मी कानावर हात ठेवी. त्या तारा मागे पडल्या की आई पुढे वाकून तिसरं बटण दाबायची. खट्‌. आकाशवाणी रत्नागिरी.

काट्यानं डावीकडे बोटभर अंतर कापलेलं असे, १२५१ वरून ११४३ वर, आणि एवढ्यानं जग बदललेलं असे. सांगलीवर ऊस, हळद, बाजारभाव. इथं मच्छीमारांना सूचना. समुद्र खवळलेला राहील, वाऱ्याचा वेग इतका राहील, होड्या पाण्यात नेऊ नयेत. समुद्र दिसायला अजून दीड-दोन तास असत, पण मला तो तिथूनच लागे. घाटावरच्या मुलीला आपल्याशी कोणी असं बोलतं याचंच अप्रूप. होडी नसलेल्यांनाही ते सांगत होते की आज जाऊ नका.

आईच्या माहेरी कुणी मच्छीमार नव्हतं. नारळी-पोफळीची वाडी होती. पण दर्याला वारा सुटला की पोफळी मोडतात, म्हणून ती सूचना तिच्या घराचीही बातमी असे. आणि कराडला रत्नागिरी दिवसा लागत नसे. रात्री लागायची. मीडियम वेव्हचं हे एक विलक्षण असतं: दिवसा तिला शोषून घेणारा वातावरणाचा एक थर सूर्य मावळल्यावर विरत जातो, आणि मग लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून दूरवर जमिनीला परत येतात. डोंगर मध्ये राहत नाही. घरातला सेट आजोबांच्या उशाशी, आणि आजोबा नवाला झोपत. तेव्हा पावसाळ्यात, वादळाच्या दिवसांत, आई स्वयंपाकघर आवरून चावी घेऊन अंगणात जायची, फियाटमध्ये बसायची आणि चावी अर्धी फिरवून तिसरं बटण दाबायची. डायलचा पिवळट दिवा लागे. खिडकीतून मला तिचा फक्त डोक्याचा आकार दिसायचा. आवाज यायचा आणि जायचा, श्वासासारखा. मध्येच कुठल्या तरी दूरच्या कानडी केंद्राचं गाणं त्यावर चढायचं. ती हलायची नाही.

एखाद्या सकाळी अण्णांना व्हिजिटला निघायचं असे आणि बॅटरी उतरलेली असे. आम्ही भावंडं गाडी गल्लीच्या उतारापर्यंत ढकलायचो. अण्णा आईला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट त्यांनी डायनॅमोला कंडेन्सर बसवून घेतला, म्हणजे चालत्या गाडीतही रत्नागिरी स्वच्छ ऐकू येईल. त्या काळी रेडिओला परवाना लागे, दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यावं लागे. ते काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. प्रेमाची ती रीत मला अजूनही सगळ्यांत खरी वाटते.

फियाट पुढे विकली. घेणाऱ्यानं तिचं काय केलं ठाऊक नाही, भंगारात गेली असेल तरी तिसऱ्या बटणामागची पट्टी आईनं आवळलेल्या कोनातच भंगारात गेली असणार.

भाच्याला हे सगळं मी गल्लीतच, उभ्यानं सांगितलं. तो हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ऐकत राहिला. मग त्यानं त्याच्या टॅबलेटची गोष्ट सांगितली, आणि ती मला आवडली. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास तापू शकतो. लिथियमची बॅटरी तेवढ्यात फुगते, काच उचलते, कधी पेटतेही. म्हणून त्यानं टॅबलेटची स्वतःची बॅटरी काढूनच टाकली होती आणि गाडीच्या बारा व्होल्टचे चार व्होल्टच्या जवळपास करणारा कन्व्हर्टर तिच्या जागी जोडला होता. आता टॅबलेटची सगळी भिस्त पिवळ्या तारेवर. लाल तार जागी झाली की तो डोळे उघडणार, ती झोपली की मिटणार, आणि मधल्या काळात पिवळी त्याला धरून ठेवणार.

“आणि धरलं नाही तर?”

“तर त्याला आकाश विसरायला होईल, मावशी.”

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरच्या वर फिरतात. आपण कुठे आहोत हे कळायला त्यांतले किमान चार दिसावे लागतात, आणि कुठला उपग्रह कुठे असेल याचं पंचांग टॅबलेटजवळ असावं लागतं. ते पंचांग उपग्रहच सांगतात, पण सावकाश. पूर्ण सांगायला साडेबारा मिनिटं घेतात. फोनला नेटवरून चटकन मिळतं. या टॅबलेटला सिमच नाही. घाटात गाडी थांबवून त्याची वीज तोडली तर तो पुन्हा कोऱ्या पाटीनं वर बघत बसतो. अनंताचं एवढं ओझं त्या बारीक पिवळ्या तारेवर आहे हे ऐकून मी तिच्याकडे नव्यानं पाहिलं.

नकाशे त्यानं आधीच उतरवून ठेवले आहेत, ओपनस्ट्रीटमॅपचे. कुंभार्लीचं प्रत्येक वळण त्यात आहे. लोकांनी स्वतः चालत, सायकलवर फिरत काढलेला नकाशा मला कंपनीच्या नकाशापेक्षा जवळचा वाटतो. त्यात एखादं देऊळ किंवा झरा कुणाला तरी महत्त्वाचा वाटला म्हणून असतो. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. आवाज कमी-जास्त करायला हाताला लागेल अशी गोल खुंटी हवीच. काचेवर बोट कुठं टेकलं ते पाहायला नजर रस्त्यावरून काढावी लागते, आणि घाटात नजर ही उसनी द्यायची वस्तू नव्हे. त्यानं यूएसबीची एक खुंटी लावली. ती फिरवताना बारीक टिकटिक लागते बोटाला. चांगली आहे.

राहिली एरियल. भाच्याकडे बोटाएवढा एक डोंगल आहे, यूएसबीला लावला की टॅबलेट रेडिओ होतो. एफएम त्यावर झकास लागतं. पण त्याचं ऐकणं सुरूच होतं २४ मेगाहर्ट्‌झपासून, आणि माझी रत्नागिरी १.१४३ वर, पार तळाशी. मीडियम वेव्हवरची केंद्रं आता एकेक करून एफएमकडे सरकत आहेत, त्यामुळे हा हट्ट उशिराचा आहे, पण म्हणूनच तो आत्ता धरायला हवा. तळाच्या लहरी उचलून वरच्या पट्ट्यात नेऊन ठेवणारा अपकन्व्हर्टर मिळतो. तो त्यानं मागवला. पितळी खुंटीला जागा मिळाली.

पहिल्या रात्री आम्ही बिल्डिंगच्या खाली गाडीत बसून लावून पाहिला. पडद्यावर सगळा पट्टा एकदम दिसतो, जिथं केंद्र असेल तिथं उभी उजळ रेघ. पुण्याची रेघ ७९२ वर ठळक होती, मुंबईची दिसत होती. बाकी सगळीकडे धूर. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सगळ्यांचा कचरा याच पट्ट्यात येऊन पडतो. आणि त्यातला सगळ्यांत जाड धूर आमच्याच डॅशबोर्डमधून निघत होता, टॅबलेटला पोसणाऱ्या त्या कन्व्हर्टरमधून.

भाच्यानं इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो म्हणाला, पत्र्याच्या डबीत बंद करा, डबीला चांगली अर्थ द्या, आणि पिवळीला फेराइटच्या कडीतून तीन-चार वेढे देऊन घ्या. तपकीर गल्लीत मिळते कडी. येत्या रविवारी बसवून घेऊ आणि शहराचा उजेड मागे टाकून पाटणच्या पुढे कुठंतरी रात्री थांबून ऐकू, असं ठरलंय. बहीण म्हणते, मीही येते.