पुराव्याला चालतील अशा वस्तू

गावाचं नाव. कन्नडमध्ये नंदिगद्दे; गद्दे म्हणजे भातखाचर. मराठीत आम्ही नंदिगड्डे लिहितो, घरात बोलतो कोंकणी, दाखले येतात कन्नडमध्ये. एकाच माणसाच्या तीन कागदांवर गावाचं नाव तीन तऱ्हांनी. वनहक्काच्या दाव्यात कारकून पहिला आक्षेप इथेच घेतो.

तारीख. १३ डिसेंबर १९३०. त्या दिवशी गावात काही घडल्याचं कुणी सांगत नाही. वनहक्क कायदा २००६चा. त्यात म्हटलंय, अनुसूचित जमातीच्या बाहेरच्या माणसानं १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या रानात राहिल्याचं दाखवावं. एक पिढी पंचवीस वर्षांची, म्हणून १९३०. गोव्यातले कुणबी २००३ साली अनुसूचित जमातीत गेले. आम्ही त्यांचेच, पोर्तुगिजांच्या धाकानं वर आलो असं घरोघर सांगतात. पण कर्नाटकाच्या यादीत आम्ही नाही. म्हणजे अनमोड घाट चढला की पणजोबा सिद्ध करावा लागतो.

कुमेरी. थंडीत रान तोडायचं, वाळू द्यायचं, पावसाच्या तोंडावर जाळायचं आणि राखेत नाचणी टाकायची. एक-दोन पिकं घेऊन ती जागा पुन्हा रानाला परत. दहा-बारा वर्षांनी वाटलं तर फिरून तिथे. मद्रास सरकारनं १८६०मध्ये परवानगीवाचून कुमेरी करायला बंदी घातली. साहेबाला साग हवा होता. जहाजांना, मग रेल्वेच्या स्लीपरांना. ओंडके काळी नदीतून तरंगत सदाशिवगडाकडे जात. १८७८चा वनकायदा आला, रानं राखीव झाली, आणि ज्यानं वेळेत हक्क सांगितला नाही त्याचा हक्क उरला नाही. जागा बदलत शेती करणाऱ्यानं कुठल्या जागेचा हक्क सांगायचा? आज त्या जागांवर साग सरळ रांगेत उभा आहे. रान रांगेत उगवत नाही, एवढा पुरावा मला पुरे वाटतो. रकान्यात तो बसत नाही.

आकडी. कमरेला मागे बांधायची, कोयता अडकवायला. आमच्या घरात कोयते दोन, आकडी एकही नाही.

कागद. १८६२पर्यंत हा मुलूख मद्रासकडे, मग मुंबई इलाख्यात, १९५६मध्ये म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. पणजोबा उंबऱ्यावरून हलले नाहीत, सरकारंच येत-जात राहिली आणि जाताना आपापली दप्तरं घेऊन गेली. १८०१मध्ये कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन घाट चढून यल्लापूरकडे गेला. पिकं, झाडं, सारा, सगळं टिपून घेतलं. १८८३च्या मुंबई गॅझेटियरचा पंधरावा खंड कानडा जिल्ह्याचा. त्यात आमच्यासारख्यांचं घर, भांडी, पोशाख, अन्न, लग्नविधी सगळं सापडतं. माणूस सापडत नाही. गॅझेटियरात नाव असतं ते जातीचं. आपल्या नावानं यायला इनामदार तरी असावं लागतं, नाहीतर दरोडेखोर.

सुपे. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं गाव, आमच्या तालुक्याचं ठाणं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि सुपे पाण्याखाली गेलं. तालुक्याला जोयडा नाव मिळालं, माणसं रामनगरला गेली. देवळाची घंटा, बाजार, कचेरीची पायरी यांची आठवण अजून निघते. जुनी माणसं परवापर्यंत ‘सुप्याक वतां’ म्हणून जोयड्याच्या बसमध्ये बसायची.

मुडली. हातभर लांबीचा कंद. हा मात्र टिकलाय. जोयड्यात कंदांचा मेळा भरतो, फोटो निघतात. कंद पुराव्यात धरत नाहीत.

जोतं. आमचं जुनं घर आताच्या घरापासून अर्ध्या तासावर, रानात. मातीच्या भिंती पावसांनी विरघळवल्या. जोत्याचे चिरे मात्र जागच्या जागी. पडवी होती तिथे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आहे, आतून गुळगुळीत, काठावर एका बाजूला झिजून खोलगट. कांडणारी नेहमी त्याच बाजूला उभी राहत असणार. उखळात पाणी साचलं होतं, त्यात बेडकाची पिल्लं. नियमात घर, विहीर, बांध, स्मशान, देवस्थान हे सगळं पुरावा म्हणून चालतं. पाहणीला आलेल्या माणसानं फोटो काढला. उखळ किती जुनं, असं विचारलं. दगडाचं वय मी काय सांगणार.

म्हातारी. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याची जबानी लिहून घेतली तर तीही चालते, आणि वंशावळही. आमच्या भावकीत नव्वदी ओलांडलेली एक चुलत आजी आहे. वही घेऊन गेलो. तिला सगळं ठाऊक. कुठल्या डोंगरावर कुमेरी होती, कुठल्या झऱ्यावर पाणी, फॉरेस्टच्या माणसाला कोंबडी कुणी दिली. सन ती सांगत नाही. वाघानं पाडा नेला ते वर्ष, देवीची साथ आली त्याच्या आदलं वर्ष, असा तिचा हिशेब. तेही लिहून घेतलं. मग विचारलं, ‘आजी, माझ्या पणजोबांचं नाव?’

ती गप्प. मग लाजली. नात्यानं ते तिचे चुलत सासरे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तिनं ते नाव तोंडातून काढलेलं नाही, आता सरकारसाठी काढायला तयार नव्हती. मी आडून विचारलं, सुनेनं विनवलं. शेवटी तिनं अंगणात सायकलशी खेळणाऱ्या माझ्या पुतण्याकडे हनुवटी केली. ‘हाचेंच.’

पोराला पणजोबांचंच नाव ठेवलेलं. म्हणून त्यालाही ती जन्मल्यापासून बाबूच म्हणते. मी घरी आलो, त्याचा शाळेचा दाखला काढला आणि बघून रकाना भरला.