परीक्षा आणि कबूतर

मानसशास्त्राचं एखादं प्राथमिक पाठ्यपुस्तक उघडा. प्रबलनाच्या प्रकरणात 'स्थिर कालांतर' वेळापत्रकापाशी एक उदाहरण बहुतेक वेळा भेटतं: परीक्षा ठरावीक महिन्यांनी येते, म्हणून विद्यार्थी आधी निवांत असतो आणि ती तोंडावर आली की पुस्तकात डोकं खुपसतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करताना आणि तो शिकवताना हे उदाहरण मला अधिकाधिक खटकत गेलं आहे. त्यानं विद्यार्थ्यावर अन्याय होतो, आणि कबुतरावर त्याहून जास्त.

प्रयोग साधा आहे. पेटीच्या भिंतीवर एक उजळलेली गोल कळ असते. कबूतर भुकेलं असतं. पोटभर खायला मिळत असताना त्याचं जे वजन असतं, त्याच्या साधारण 80 टक्क्यांवर त्याला ठेवलेलं असतं. समजा कालांतर 5 मिनिटांचं आहे. मागचे दाणे मिळाल्यापासून 5 मिनिटं उलटेपर्यंत कळीवर कितीही चोची मारा, काही होत नाही. त्यानंतरची पहिली चोच दाणे आणते. म्हणजे एक चोच पुरते, पण ती मारावीच लागते.

या पद्धतीच्या उगमाशी टंचाई आहे. बी. एफ. स्किनर उंदरांसाठी खाद्याच्या गोळ्या स्वतःच तयार करत असत. गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून त्यांनी मिनिटातून एकदाच गोळी द्यायचं ठरवलं, आणि उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत हार्वर्डमध्ये कबुतरांवर काम झालं आणि 1957 साली 'शेड्यूल्स ऑफ रिइन्फोर्समेंट' हा जाडजूड ग्रंथ आला. त्याची पानंच्या पानं आलेखांनी भरलेली आहेत. सरकत्या कागदावर एक लेखणी टेकलेली असते आणि प्रत्येक चोचीसरशी ती एक पायरी वर चढते. कबूतर थांबलं की रेघ आडवी, भराभर चोची मारू लागलं की रेघ उभी. स्थिर कालांतरात दाणे खाऊन झाल्यावर रेघ आडवी राहते, मग हळूहळू उचलते आणि शेवटी उभी चढते. या वळणाला 'स्कॅलप' म्हणतात.

हे वळण नेहमी इतकं गोलाईदार नसतं. ब्रूस श्नायडर यांनी 1969 मध्ये दाखवलं की सरावलेलं कबूतर बराच वेळ थांबतं आणि मग एकदम वेग धरतं. हा बदल सरासरीनं कालांतराचा दोनतृतीयांश भाग उलटल्यावर होतो, मग कालांतर काही सेकंदांचं असो की काही मिनिटांचं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे प्रमाण. आणि उरलेल्या एकतृतीयांशात कबूतर चोचींचा वर्षाव करतं, त्यांपैकी एकच कामी येते.

प्रत्येक चोच पुढच्या चोचीला ढकलते, अशी एक समजूत होती. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले औषधशास्त्रज्ञ पीटर ड्यूज यांनी 1962 मध्ये ती तपासली. त्यांनी कालांतराच्या मध्येमध्ये असे तुकडे घातले की प्रकाशाचा संकेत बदलताच कबूतर चोची मारणं जवळजवळ थांबवे. साखळी तुटली. तरीही मूळ संकेत परत आला की वेग त्या-त्या क्षणाला साजेसाच असे: आरंभी कमी, शेवटाकडे जास्त. आधीच्या चोची मधून गळल्या तरी वळण टिकून राहिलं.

आता परीक्षेकडे या. जूनमधला अभ्यास मार्चमध्ये गुण देतो. कबुतराच्या आधीच्या चोची काहीच देत नाहीत. परीक्षेची तारीख चुकली की संधी गेली; कबुतराचे दाणे मात्र कालांतर संपल्यावर चोचीची वाट पाहत थांबतात. आणि परीक्षेच्या दिवशी एक पान वाचून कुणी पास होत नाही. वरवरचा आकार सोडला तर दोन्हींत काहीच जुळत नाही. दाखला द्यायचाच तर एस.टी.ची वाट पाहत रस्त्याकडे पुन्हापुन्हा वळणाऱ्या नजरेचा द्यावा. आधीच्या नजरांनी गाडी येत नाही, आणि ती आल्यावर एक नजर पुरते.

तोही मोठ्या माणसाला जपूनच लावावा. वेल्समधल्या बँगोरचे फर्गस लो आणि त्यांचे सहकारी यांनी 1983 मध्ये अजून बोलू न लागलेल्या बाळांवर हा प्रयोग केला, तेव्हा बाळांचं वागणं प्राण्यांसारखं निघालं. प्रौढांचं तसं होत नाही. काही जण अखंड कळ दाबत राहतात, तर काही मनात आकडे मोजून शेवटी एकदोनदाच दाबतात. लो यांचं म्हणणं असं की माणूस बोलू लागला की तो स्वतःला नियम सांगतो आणि त्या नियमानं वागतो. मला ते पटतं. वेळापत्रक भिंतीवर चिकटवून, दिवस मोजत बसलेला विद्यार्थी शब्दांच्या राज्यात राहतो.

म्हणून मानसशास्त्राच्या शिक्षकांना आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या आवृत्तीत परीक्षेचं उदाहरण काढून टाका. त्या जागी कबुतराचा एक खरा आलेख छापा, आणि त्यातली आडवी रेघ कुठे संपते ते विद्यार्थ्यांना स्वतः मोजू द्या.